कंबरेची नळी अरुंद होते तेव्हा: स्टेनोसिसच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात

एमआरआयच्या रिपोर्टात ‘सिव्हिअर कॅनल स्टेनोसिस’, म्हणजे मणक्यांमधून जाणारी नसांची नळी फार अरुंद झाली आहे, हे शब्द दिसले की घरात दोन गट पडतात. एक म्हणतो, लगेच ऑपरेशन उरकून घ्या. दुसरा म्हणतो, मणक्याला हात लावू देऊ नका, अमक्याचे पाय गेले. दोघंही बोट ठेवतात ते रिपोर्टावर. पेशंट न थांबता किती चालतो, किती वेळ उभा राहतो, हे कुणी मोजलेलं नसतं. या आजारात ऑपरेशनचा निर्णय मुख्यतः त्यावरच होतो, म्हणून ओपीडीत जाण्याआधी आठवडाभर ते मोजून, लिहून ठेवा: घरापासून कुठल्या वळणापर्यंत जाता येतं, कुठे टेकावं लागतं, बसल्यावर किती मिनिटांत बरं वाटतं.

हा लेख कंबरेतल्या स्टेनोसिसबद्दल आहे. मानेतल्या स्टेनोसिसचा हिशेब वेगळा असतो, त्याबद्दल शेवटी थोडं सांगितलं आहे.

जागा जाते कुठे

मेंदूतून खाली येणारा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नळीत असतो तो पायांकडे, लघवीच्या पिशवीकडे आणि शौचमार्गाकडे जाणाऱ्या नसांचा (मज्जातंतूंचा) जुडगा. तो पाण्यासारख्या द्रवात सुटा तरंगत असतो आणि भोवती ड्युरा नावाची पातळ पिशवी असते. कंबरेतल्या दाबाने पाय दुखतात, जड होतात, पण सहसा एकदम लुळे पडत नाहीत, त्याचं कारण हेच. इथे मज्जारज्जू नसतो, आणि सुट्या नसा बराच दाब सोसतात.

नळीची जागा तीन बाजूंनी खाल्ली जाते. पुढून दोन मणक्यांमधली गादी वाळते, तिची उंची कमी होते आणि ती मागे फुगते. बाजूंनी मणक्यांना जोडणारे फॅसेट सांधे झिजून जाड होतात, त्यांना हाडाच्या कडा फुटतात. मागून लिगामेंटम फ्लेव्हम हा पिवळा पट्टा आत घुसतो. तो एका मणक्याच्या मागच्या हाडाच्या कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंत ताणलेला असतो. गादी खचली की तो सैल पडतो आणि जुन्या इलॅस्टिकसारखी त्याची घडी आत येते, शिवाय वयाबरोबर तो जाडही होतो. सर्वांत जास्त त्रास चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमध्ये म्हणजे एल-फोर एल-फाइव्हला होतो, त्याखालोखाल एल-थ्री एल-फोरला. काहींची नळी जन्मतःच अरुंद असते. त्यांना थोडी झीजही पुरते, म्हणून त्यांना चाळिशीतच त्रास सुरू होतो.

आकड्यांत सांगायचं तर नळीचा पुढून मागचा व्यास १० मिलिमीटरच्या खाली गेला, किंवा ड्युराच्या पिशवीचं क्षेत्रफळ ७५ चौरस मिलिमीटरच्या आत आलं, की ते बरंच अरुंद मानतात. हे आकडे रेडिओलॉजिस्टच्या कामाचे. तेवढ्यावरून ऑपरेशन ठरत नाही. कंबरेचा कसलाही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढून १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीपुढच्या २१ टक्के लोकांत स्टेनोसिस सापडला होता. यांतल्या कुणालाही पायाचं दुखणं नव्हतं.

लक्षणांचा नमुना मात्र पक्का असतो. नेदरलँड्समधले न्यूरोसर्जन हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ साली तो नीट मांडला. ताठ उभं राहिलं की नळी आणखी अरुंद होते, पुढे वाकलं की उघडते. म्हणून आरतीला उभं राहिलं की दहा मिनिटांत दोन्ही पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात, पाय आपले राहत नाहीत, आणि पायरीवर बसलं की दोन-चार मिनिटांत सगळं ओसरतं. मॉलमधल्या ट्रॉलीवर रेलून तासभर फिरता येतं, तेच मोकळ्या हातांनी शंभर पावलं होत नाहीत. सायकल जमते, चालणं जमत नाही. गडाचा चढ एक वेळ चढता येतो, उतरताना मात्र हाल होतात, कारण उतरताना आपण मागे झुकतो.

हा नमुना जुळत नसेल तर दुसरीकडे शोधावं लागतं. नुसतं उभं राहूनही पोटरीचं दुखणं थांबत असेल, बसावंच लागत नसेल, तर पायाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असू शकतो. त्यासाठी पावलावरची नाडी बघायची आणि रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर तपासणी करायची. तळवे रात्री जळतात, चालण्या-बसण्याशी त्याचा संबंध नाही, साखर जुनी आहे, असं असेल तर मधुमेहाने बिघडलेल्या नसा. जांघेत दुखतं, मांडी घालता येत नाही, तर खुब्याचा सांधा. उतारवयात यांतल्या दोन-तीन गोष्टी एकाच माणसात सापडतात आणि मग एमआरआयमध्ये दिसलेला स्टेनोसिस सगळ्याचं खापर डोक्यावर घेतो. मणका मोकळा केल्यावर तळव्यांची जळजळ थांबली नाही म्हणून नाराज होणारे पेशंट बहुतेक या गटातले असतात.

ऑपरेशनची वेळ

तातडीचं ऑपरेशन लागणारे थोडेच. लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागेला बधिरपणा, पाय झपाट्याने लुळा पडत जाणं: यांतलं काहीही नव्याने सुरू झालं तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. अशा वेळी दाब किती लवकर निघतो त्यावर लघवीचा ताबा परत येणं अवलंबून असतं.

पाऊल उचलत नसेल, चप्पल पायातून निसटत असेल, जिना चढताना गुडघा दगा देत असेल, तर ऑपरेशन फार लांबवू नये. शक्ती एकदा गेली की ती पूर्ण परत येण्याची खात्री देता येत नाही.

बाकी बहुतेकांना वेळ असतो. स्टेनोसिस हळू चालणारा आजार आहे. अनेकांचा त्रास वर्षानुवर्षं आहे तिथेच राहतो, काहींचा थोडा कमीही होतो. तीन ते सहा महिने फिजिओथेरपी, जागेवरची सायकल, पोटाच्या स्नायूंचे आणि पुढे वाकण्याचे व्यायाम, गरजेपुरती वेदनाशामकं, एवढं मनापासून करून बघावं. प्रिगॅबालिन, गॅबापेंटिन ही औषधं सर्रास लिहिली जातात, पण वयस्कर माणसाला त्यांनी गुंगी येते आणि रात्री संडासला उठताना तो पडतो. खुब्याचं हाड मोडलं तर मणका बाजूलाच राहतो. मणक्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काहींना काही आठवडे आराम देतं, त्याहून जास्त त्याच्याकडून अपेक्षा नको. २०१४ साली ४०० पेशंटवर झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत नुसतं भुलीचं औषध आणि भुलीचं औषध अधिक स्टेरॉइड यांच्यात सहा आठवड्यांनी म्हणण्यासारखा फरक दिसला नव्हता.

एवढं करूनही माणूस घरात अडकला असेल, बाजार, देऊळ, लग्नकार्य सगळं सुटलं असेल, तर ऑपरेशनचा विचार रास्त आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्पोर्ट’ या मोठ्या अमेरिकी अभ्यासात स्टेनोसिसचे ६५४ पेशंट होते. प्रत्यक्ष ऑपरेशन झालेल्यांना दोन वर्षांनी दुखण्यात आणि हालचालीत ऑपरेशन न झालेल्यांपेक्षा स्पष्ट फायदा दिसला. पण चिठ्ठ्या टाकून ज्यांना ‘ऑपरेशन नको’ गटात घातलं होतं त्यांच्यातल्या ४३ टक्क्यांनी दोन वर्षांत ऑपरेशन करून घेतलं, आणि ‘ऑपरेशन’ गटातल्या एक तृतीयांश लोकांनी ते केलंच नाही. म्हणजे निष्कर्ष भक्कम असले तरी गटांची सरमिसळ झालेली आहे. शिवाय आठ वर्षांनी चिठ्ठ्या टाकलेल्या गटांमधला फरक जवळपास पुसला गेला होता. याचा सरळ अर्थ घ्यायचा तो असा: ऑपरेशनने काही वर्षांचं चांगलं चालणं मिळतं. सत्तरीच्या माणसासाठी ते खूप मोठं आहे. मणका मात्र पुन्हा तरुण होत नाही.

आणखी एक गोष्ट ऑपरेशनआधीच मनात पक्की बसायला हवी. हे ऑपरेशन पायांसाठी आहे. चालल्यावर येणारं पायांचं दुखणं आणि जडपणा यांत सर्वांत चांगला फरक पडतो. जुना बधिरपणा हळूहळू, कधी वर्षभराने कमी होतो किंवा तसाच राहतो. निव्वळ कंबरदुखी जाईल याची हमी कुणी देत असेल तर दुसरं मत घ्या.

टेबलावर

मूळ ऑपरेशनचं नाव डीकॉम्प्रेशन. दवाखान्यात ‘लॅमिनेक्टॉमी’ म्हणतात, घरी ‘नस मोकळी केली’. काम एकच: नळीच्या मागच्या बाजूने शिरून आत आलेलं हाड आणि जाड झालेला पट्टा काढणं.

भूल बहुधा पूर्ण असते, काही ठिकाणी कमरेखालची भूलही देतात. छेद देण्याआधी तासाभराच्या आत अँटिबायोटिक शिरेतून जायला हवं, बहुतेक वेळा सेफॅझोलिन २ ग्रॅम. मग पेशंटला पालथं झोपवतात आणि इथे एक बारकावा असतो जो बाहेरच्याला कळत नाही. छाती आणि कंबरेचं हाड उशांवर टेकवून पोट अधांतरी सोडतात. पोट दाबलं गेलं तर पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब येतो, रक्त मणक्यातल्या शिरांकडे वळतं आणि नळीत सतत रक्त भरत राहतं. सर्जनला मग नस कुठली आणि शीर कुठली हे दिसेनासं होतं. ढेरी मोठी असलेल्या पेशंटमध्ये नीट झोपवण्यातच वीस मिनिटं जातात, आणि ती जायलाच हवीत. डोळ्यांवर दाब येत नाही ना, कोपर-गुडघे गादीवर आहेत ना, तेही तेव्हाच बघतात.

नंतर सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली सुई टोचून मणका मोजतात. कंबरेचे मणके बाहेरून एकसारखेच वाटतात आणि काहींना पाचऐवजी चार किंवा सहा मणके असतात, म्हणून चुकीच्या जागी उघडण्याचा धोका खरा आहे. चांगला सर्जन हाड कापायला सुरुवात करण्याआधी पुन्हा एकदा सी-आर्म मागवतो.

एका पातळीसाठी, म्हणजे दोन मणक्यांमधल्या एका जागेसाठी, मधोमध ३ ते ५ सेंटिमीटरचा छेद. स्नायू हाडावरून बाजूला सारतात. पूर्वी मणक्याची मागची सगळी कमान आणि तिच्यावरचं मधलं टोक काढून टाकत. आता बहुधा कमानीचा खालचा काठ तेवढा हाय-स्पीड ड्रिलने पातळ करतात आणि उरलेलं कागदाइतकं हाड केरिसन पंच या चिमट्यासारख्या हत्याराने दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करत उचलतात. मायक्रोस्कोप असतो. पिवळा पट्टा शेवटपर्यंत जागेवर ठेवतात, कारण ड्रिल चालू असताना खालच्या ड्युराला तोच वाचवतो. हाडाचं काम संपलं की पट्टा वरच्या टोकापासून सोडवून तुकड्यातुकड्याने काढतात.

मधली नळी मोकळी झाली तरी काम अर्धंच झालेलं असतं. प्रत्येक नस बाहेर पडण्याआधी फॅसेट सांध्याखालच्या कोपऱ्यातून जाते आणि खरी चिमटी अनेकदा तिथेच असते. सांध्याचा आतला भाग खालून तासून हा कोपरा उघडतात. किती तासायचं यातच हाताचं कसब आहे. कमी तासलं तर नस दबलेलीच राहते आणि पेशंट महिन्याने म्हणतो, ‘काहीच फरक नाही.’ जास्त तासलं, निम्म्याहून अधिक सांधा गेला किंवा कमानीचा बाजूचा चिंचोळा भाग फार बारीक झाला, तर तो मोडतो आणि वरचा मणका पुढे सरकू लागतो. पुरेसं झालं की नाही हे बघायला बोथट टोकाची सळई नसेच्या बाजूने आत घालतात. ती न अडकता गेली आणि दबलेली पिशवी फुगून श्वासाबरोबर हलू लागली की थांबायचं.

सध्या एकाच बाजूने शिरून, मधल्या टोकाच्या खालून तिरकं जाऊन दोन्ही बाजू मोकळ्या करण्याची पद्धत चांगली रुळली आहे. दुसऱ्या बाजूचा स्नायू आणि मधलं टोक अबाधित राहतं. एका पातळीला साधारण एक ते दोन तास लागतात.

स्क्रूचा प्रश्न

जागा करणं आणि मणके एकमेकांना बांधणं ही दोन वेगळी कामं आहेत. ऑपरेशन म्हणजे स्क्रू-रॉड हे समीकरण लोकांच्या डोक्यात इतकं बसलंय की साधं डीकॉम्प्रेशन सुचवलं तर ‘मग स्क्रू टाकणार नाही का?’ असं काळजीने विचारलं जातं.

बांधणं म्हणजे फ्यूजन. वरच्या आणि खालच्या मणक्यात दोन-दोन टायटॅनियमचे स्क्रू, साधारण साडेपाच ते साडेसहा मिलिमीटर जाड आणि ४० ते ५० मिलिमीटर लांब. त्यांना रॉडने जोडतात. बऱ्याचदा गादी काढून तिथे केज नावाचा पोकळ ठोकळा बसवतात आणि काढलेल्याच हाडाचा चुरा भरतात. धातू फक्त तात्पुरता आधार देतो. सहा महिने ते वर्षभरात दोन मणक्यांचं हाड एकजीव झालं तरच फ्यूजन यशस्वी. सिगारेट-तंबाखू सुरू असेल तर हाड न जुळण्याचा धोका वाढतो, आणि हाड ठिसूळ असेल तर स्क्रू सैल होऊन हलायला लागतात.

मणका घसरलेला नसेल तर नुसतं मोकळं करणं बहुधा पुरतं. स्वीडनमधल्या २४७ पेशंटच्या चाचणीत, तिचे निष्कर्ष २०१६ साली आले, मोकळं करून बांधलेले आणि नुसतं मोकळं केलेले यांच्यात दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनीही फरक नव्हता. त्याच वर्षीच्या ६६ पेशंटच्या एका छोट्या अमेरिकी चाचणीत, थोडा घसरलेला पण स्थिर मणका असलेल्यांमध्ये, बांधलेल्यांना जरा जास्त फायदा दिसला आणि पुढे दुसरं ऑपरेशन कमी लागलं. २०२१ साली नॉर्वेतून आलेल्या २६७ पेशंटच्या चाचणीत मणका घसरलेला असूनही नुसतं मोकळं करणं बांधण्यापेक्षा कमी ठरलं नाही. दुसरं ऑपरेशन साधारण १२ टक्के विरुद्ध ९ टक्के लागलं. एकूण झुकतं माप सध्या न बांधण्याकडे आहे. आमचंही.

तरी काही ठिकाणी स्क्रू टाळू नयेत. वाकल्यावर आणि ताठ झाल्यावर काढलेल्या दोन एक्स-रेंमध्ये मणका स्पष्ट हलताना दिसतो, पाठीला बाजूचा बाक आहे, गादी पूर्ण खचून नस बाहेर पडायच्या भोकातच चेपली आहे, किंवा मोकळं करायला सगळा सांधाच काढावा लागणार आहे: अशा वेळी न बांधणं म्हणजे पुढच्या ऑपरेशनला आमंत्रण. म्हणून हे उभ्याने काढलेले एक्स-रे एमआरआयइतकेच महत्त्वाचे आहेत. एमआरआय आडवं झोपवून काढतात आणि आडवं झाल्यावर घसरलेला मणका पुष्कळदा जागेवर येतो. ते एक्स-रे न काढताच स्क्रू ठरले असतील, तर ‘कशावरून?’ हे विचारायला संकोच करू नका. फ्यूजनमध्ये रक्त जास्त जातं, वेळ जास्त लागतो, बिल कितीतरी वाढतं आणि बांधलेल्या मणक्याच्या वरची गादी काही वर्षांत लवकर झिजू शकते.

दुर्बीण, लेझर आणि बाकीची जाहिरात

दुर्बिणीचं ऑपरेशन चांगलं आहे, शिकलेल्या हातात. दोन छोट्या छिद्रांतून, एकातून कॅमेरा आणि एकातून हत्यार, अशी पद्धत अलीकडे बरीच पसरली आहे. रक्त कमी जातं, दुखणं पहिल्या दिवसांत कमी असतं. पण आत करायचं काम तेच आहे: तोच पट्टा, तोच कोपरा. नॉर्वेत मोकळं करण्याच्या तीन वेगवेगळ्या पद्धतींची ४३७ पेशंटवर तुलना केली तेव्हा दोन वर्षांनी निकाल सारखेच निघाले. म्हणजे छेदाच्या लांबीवरून सर्जन निवडू नका. तो या आजाराची किती ऑपरेशनं करतो हे विचारा.

मणक्याच्या टोकांमध्ये पाचर बसवून जागा उघडी ठेवण्याची छोटी यंत्रंही निघाली होती. नेदरलँड्समधल्या चाचणीत त्यांतल्या २९ टक्के पेशंटना पुन्हा ऑपरेशन लागलं, नेहमीच्या पद्धतीत ८ टक्क्यांना. लेझरने हाडाची कड आणि जाड पट्टा निघत नाही. स्टेनोसिसला त्याचा उपयोग नाही, फलक कितीही मोठा असो.

आधीची तयारी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी पहिल्याच भेटीत द्या. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी, वॉरफरिन पाच दिवस आधी, रक्त पातळ करणाऱ्या नव्या पिढीच्या गोळ्या दोन-तीन दिवस आधी थांबवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून आधी. पण हृदयात स्टेंट असेल तर हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस स्वतःच्या मनाने करायचं नाही. मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी सुरू असेल तर ती तीन दिवस आधी बंद करावी लागते, नाहीतर साखर ठीक दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. ही गोळी ‘हृदयासाठी’ म्हणून दिलेली असते, त्यामुळे पेशंट ती मधुमेहाच्या यादीत सांगतच नाही.

तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) आठ टक्क्यांच्या वर असेल तर तारीख पुढे ढकलणं शहाणपणाचं. लघवीतला जंतुसंसर्ग, पाठीवरचं गळू, किडका दात आधी बरे करा. पुरुषांनी प्रोस्टेटचा त्रास सांगावा, कारण भुलीनंतर लघवी अडते ती बहुधा त्यांचीच. स्क्रू टाकायचे असतील तर साठीनंतर डेक्सा तपासणी करून हाडाची घनता बघावी. तिचा टी-स्कोअर उणे अडीचच्या खाली असेल तर आधी काही महिने हाड बळकट करणारं औषध द्यायचं का, यावर बोलावं. तंबाखू निदान चार आठवडे आधी बंद.

पेशंटचा चष्मा आणि श्रवणयंत्र दवाखान्यात न्या. ऐकू न येणारा, नीट न दिसणारा म्हातारा माणूस अनोळखी खोलीत भुलीतून जागा होतो तेव्हा रात्री भ्रमिष्टासारखं बोलू लागतो, सलाईन उपटतो. घरचं माणूस उशाशी, चष्मा नाकावर आणि खोलीत दिवसा उजेड, एवढ्याने त्यातलं बरंच टळतं.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे आधी विचारा. खासगी विम्यात मणक्याच्या झिजेच्या आजारांना बहुधा प्रतीक्षाकाळ असतो, तो पॉलिसीत बघा. स्क्रू टाकले तर पाकिटावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या. पुढे कधी ते बदलायची वेळ आली तर कंपनी आणि माप त्यावरूनच कळतं.

काय बिघडू शकतं

सर्वांत नेहमीची गोष्ट म्हणजे ड्युरा फाटणं. स्पोर्ट अभ्यासात ९ टक्के ऑपरेशनांत ते झालं. जुना, जाड झालेला पट्टा ड्युराला चिकटलेला असतो आणि ओढताना चीर जाते. लगेच दिसलं तर बारीक धाग्याने शिवतात, वर गोंदासारखं फायब्रिन लावतात, एक-दोन दिवस आडवं ठेवतात. बहुतेकांना पुढे काही होत नाही. घरी गेल्यावर उठून बसलं की डोकं ठणकतं आणि झोपलं की थांबतं, किंवा ड्रेसिंग पाण्यासारखं ओलं होतं, असं झालं तर लगेच कळवा.

पहिल्या एक-दोन दिवसांत आत रक्त साठून नसांवर दाब येऊ शकतो. विरळ आहे, पण घड्याळाशी स्पर्धा असते. म्हणूनच सिस्टर दर काही तासांनी पावलं वर-खाली करायला सांगतात. आधी हलणारा पाय हलेनासा झाला किंवा बसायची जागा बधिर वाटू लागली तर सकाळच्या राउंडपर्यंत थांबायचं नाही, त्याच क्षणी डॉक्टरला बोलावून घ्या.

जंतुसंसर्ग साधारण १ ते ३ टक्क्यांत होतो, मधुमेह आणि लठ्ठपणा असलेल्यांत जास्त. तो बहुधा घरी गेल्यावर, पहिल्या तीन आठवड्यांत कळतो: कमी होत चाललेलं दुखणं पुन्हा वाढतं, टाक्यांतून चिकट पाणी येतं, ताप येतो. अशा वेळी जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून दिवस काढू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा. नसेला कायमची इजा शंभरात एकालाही होत नाही, पण शून्यही नाही.

घरी आल्यावर

त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. नुसतं डीकॉम्प्रेशन असेल तर एक ते तीन दिवसांत घरी, फ्यूजन असेल तर तीन ते पाच. ड्रेन, म्हणजे साठणारं रक्त बाहेर काढणारी नळी, बहुधा एक-दोन दिवसांत काढतात, टाके १० ते १४ दिवसांनी.

बिछान्यातून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि हाताने रेटा देत बसा. सरळ उठून बसायचं नाही. पहिले सहा आठवडे वाकून उचलणं, पिळवटल्यासारखं वळणं आणि भरलेली बादली बंद. दोन-तीन किलोंहून जास्त वजन नको. जमिनीवर बसणं, पाटावर जेवणं, उकिडवं बसायचा संडास हे साध्या डीकॉम्प्रेशननंतर सहा आठवड्यांनी हळूहळू सुरू करता येतं, फ्यूजननंतर निदान तीन महिने नाही. तोवर कमोडची खुर्ची भाड्याने आणा. स्कूटर आणि खड्ड्यांचा रस्ता ही जोडी सहा आठवडे टाळा. कंबरेचा पट्टा साध्या डीकॉम्प्रेशननंतर सहसा लागत नाही. महिनोन्महिने बांधून ठेवला तर पाठीचे स्नायूच ढिले पडतात.

व्यायाम म्हणजे चालणं. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात दिवसातून पाच-सहा वेळा पाच मिनिटं, मग दर आठवड्याला थोडं वाढवत महिन्याभरात अर्धा तास. मधूनच एखाद्या दिवशी पायात जुनीच कळ येते, लोक घाबरतात. वर्षानुवर्षं दबलेली नस मोकळी झाल्यावर काही आठवडे कुरकुरते. दर आठवड्याला अंतर वाढत असेल तर काळजी नको. तीन महिन्यांनी आधीच्या वहीतले आकडे आणि आताचे आकडे शेजारी ठेवा. फरक तिथेच कळतो.

एक-दोन वर्षं छान चालल्यावर पुन्हा पाय भरून येऊ लागले तर नवीन एमआरआय, शक्यतो काँट्रास्टसह म्हणजे शिरेतून औषध देऊन, आणि पुन्हा ते उभ्याचे एक्स-रे काढावे लागतात. स्पोर्ट अभ्यासात आठ वर्षांत १८ टक्के पेशंटना दुसरं ऑपरेशन लागलं. कारण कधी त्याच पातळीवर पुन्हा वाढलेलं हाड, कधी शेजारची पातळी, कधी सरकलेला मणका. दुसऱ्या वेळी आत व्रणाच्या ऊतींनी ड्युरा चिकटलेला असतो, त्यामुळे फाटण्याचा धोका वाढतो.

मानेचं राहिलं. कंबरेसोबत मानेतही नळी अरुंद असलेले पेशंट कमी नाहीत. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, सही बदलली आहे, अंधारात तोल जातो, पाय आखडल्यासारखे पडतात: यांतलं काही असेल तर कंबरेच्या ऑपरेशनआधी मानेचा एमआरआय करून घ्या. मानेत मज्जारज्जू स्वतः दबतो, तो नसांइतकं सोसत नाही, आणि तिथे सहा महिने व्यायाम करून बघण्याची सवड नसते. दोन्ही ठिकाणी ऑपरेशन लागणार असेल तर बहुधा मान आधी करतात. भूल देताना मान मागे वाकवावी लागते आणि पालथं झोपवल्यावर ती तासन्‌तास एकाच स्थितीत राहते. आधीच दबलेल्या मज्जारज्जूला ते परवडत नाही.